सोन्याच्या पाळण्याची वाट

[पेरू देशातील अँडीज पर्वतात चोकेकिराव नावाचे एक प्राचीन नगर आहे. तेथे आगगाडी जात नाही, मोटारही जात नाही. एक अतिशय खोल दरी पायी ओलांडावी, तेव्हाच त्याचे दर्शन घडते. त्या वाटेचे, ती वाट तुडविणाऱ्या माणसांचे आणि आज त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या एका प्रश्नाचे वर्णन ह्या पाठात केले आहे.]

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर अशी अँडीज पर्वताची रांग सुमारे ७००० किलोमीटर पसरलेली आहे. जमिनीवरील ही जगातील सर्वांत लांब पर्वतरांग होय. ह्याच पर्वताच्या कुशीत, आजच्या पेरू देशात, पंधराव्या शतकात इंका राजांनी एक विशाल साम्राज्य उभारले. कुस्को ही त्यांची राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर वसलेली होती. इंका लोकांपाशी घोडे नव्हते, बैल नव्हते, चाकाची गाडी नव्हती आणि लोखंडाची हत्यारेही नव्हती. आपल्यासारखी अक्षरलिपीही त्यांना ठाऊक नव्हती. दोऱ्यांना निरनिराळ्या प्रकारच्या गाठी मारून ते हिशेब ठेवीत. असे असूनही डोंगर, दऱ्या आणि वाळवंटे ओलांडून जाणारे सुमारे ३०,००० किलोमीटर लांबीचे रस्त्यांचे जाळे त्यांनी विणले. राजाचा निरोप घेऊन धावणारे जासूद, पाठीवर ओझी वाहणारे लामा आणि लढाईस निघालेले सैनिक ह्या रस्त्यांवरून पायीच जात. २०१४ साली युनेस्कोने ह्या रस्त्यांना जागतिक वारशाचा मान दिला.

ज्या राज्याचा सारा कारभार पायांवर चालत होता, ते राज्य समजून घ्यावयाचे असेल, तर निदान एकदा तरी पायीच जावयास हवे. इंकांचे माचू पिक्चू हे नगर जगप्रसिद्ध आहे. त्याच्या पायथ्यापर्यंत आगगाडी जाते आणि तेथे रोज हजारो प्रवासी येतात. चोकेकिराव हे त्याचे दूरचे भावंड मात्र आपुरिमाक नदीच्या खोल दरीपलीकडे एकांतात उभे आहे. केचुआ ही इंकांची भाषा. आजही लक्षावधी लोक ती बोलतात. त्या भाषेत चोकेकिराव ह्या नावाचा अर्थ ‘सोन्याचा पाळणा’ असा सांगतात. ह्या पाळण्यापर्यंत जाण्यास दोन दिवस लागतात आणि परतण्यास दोन दिवस. विद्यार्थ्यांनो, आज आपण ही वाट मनानेच चालून पाहू.

प्रवासास निघण्यापूर्वी पुष्कळ प्रवासी कुस्को येथे दोन-तीन दिवस विसावा घेतात. उंचीवर हवा विरळ असते. सपाटीवरून आलेल्या माणसास तेथे चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते आणि डोके जड होते. शरीरास त्या हवेची सवय व्हावी लागते. ऋतूही पाहावा लागतो. पेरू देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे आपल्याकडे पावसाळा सुरू होतो, तेव्हा तेथील डोंगरांत कोरडा हिवाळा असतो. मे ते सप्टेंबर हे महिने ह्या वाटेस सोयीचे.

काचोरा नावाच्या गावात प्रवासाची खरी तयारी होते. येथे वाटाड्या भेटतो आणि खेचरे घेऊन खेचरवालाही येतो. राहुट्या, अंथरुणे, भांडी आणि चार दिवसांचा शिधा खेचरांच्या पाठीवर चढतो. ओझे दोन्ही बाजूंस सारख्या वजनाचे झाले नाही, तर उतारावर खेचराचा तोल जाण्याचा धोका असतो. म्हणून खेचरवाला प्रत्येक गाठ पुन्हा पुन्हा ओढून पाहतो. प्रवासी सामानाची चिंता सोडून चालू लागतो. त्याची चिंता दुसऱ्या कोणीतरी आपल्या शिरावर घेतलेली असते, हे त्याने विसरता कामा नये.

काचोराहून कापुलियोक ह्या खिंडीपर्यंतची वाट फारशी चढ-उताराची नाही. शेते आणि निलगिरीची झाडे मागे पडत जातात आणि एका वळणावर जमीन एकाएकी संपल्यासारखी वाटते. समोर आपुरिमाकची दरी उघडते. आपण उभे असतो सुमारे २९०० मीटर उंचीवर. खाली नदीची बारीक रेघ दिसते ती सुमारे १५०० मीटरांवर. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. म्हणजे ह्या दरीचा तळच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतका उंच आहे! पलीकडे बर्फाच्छादित शिखरे चमकत असतात. दैव अनुकूल असेल, तर पंख न हालविता आकाशात संथपणे तरंगणारा काँडोर पक्षीही दिसतो. त्याच्या पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे ३ मीटर भरते. हे दृश्य पाहून डोळ्यांचे पारणे फिटते.

एरवी डोंगरयात्रेत आधी चढावे लागते आणि मग उतरावे लागते. येथे आरंभच उतरणीने होतो. वाट नागमोडी वळणे घेत खाली जाते. जसजसे खाली जावे तसतसा उकाडा वाढतो. वर गार वारा होता, तेथे आता निवडुंगांची रांग आणि तापलेले खडक दिसतात. उतरणे सोपे, असे आपणांस वाटते. पण तासामागून तास उतरताना गुडघे दुखू लागतात आणि पायांची बोटे बुटांत चेपतात. वाटाड्या घाई करू देत नाही. पाऊल तिरपे टाकावे, काठीचा आधार घ्यावा, समोरून खेचरे आली तर डोंगराच्या अंगास उभे राहावे, दरीच्या अंगास कधीही उभे राहू नये, असे तो सांगतो. सायंकाळी चिकिस्का नावाच्या लहानशा वस्तीत मुक्काम पडतो. प्रवासी राहुटीत अंग टाकतो. खेचरवाला मात्र आधी खेचरांना चारा-पाणी देतो आणि त्यांचे खूर तपासतो. त्यानंतरच त्याच्या जेवणाची वेळ येते.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटण्यापूर्वीच कूच करावे लागते, कारण पुढील चढण उन्हात अतिशय कष्टाची होते. थोडे उतरून गेले की प्लाया रोसालिना येथे नदी लागते. पाण्याचा घोष दरीच्या भिंतींवर आपटून दुमदुमत असतो. आपुरिमाक ह्या नावाचा अर्थ ‘बोलणारा देव’ असा आहे. तो नाद ऐकला म्हणजे हे नाव ठेवणाऱ्या लोकांचे कान किती जागे होते, हे पटते. हेच पाणी पुढे शेकडो मैल वाहत जाऊन अ‍ॅमेझॉन ह्या महानदीस मिळते.

आज येथे नदीवर पूल आहे. इंकांच्या काळी अशा नद्यांवर गवताच्या दोरांचे झुलते पूल असत. आपुरिमाकवरच, पण ह्या वाटेपासून दूर वरच्या अंगास, केस्वाचाका नावाचा तसा एक पूल आजही वापरात आहे. तो सुमारे २८ मीटर लांब आहे. दरवर्षी जून महिन्यात आसपासच्या गावांतील कुटुंबे गवत आणतात, त्याचे दोर वळतात आणि जुना पूल काढून नवा बांधतात. २०१३ साली युनेस्कोने ह्या परंपरेचाही गौरव केला. २०२० साली महामारीमुळे हे काम होऊ शकले नाही. वर्षभरात गवत कुजले आणि मार्च २०२१ मध्ये पूल नदीत कोसळला. त्याच वर्षी जूनमध्ये गावकरी पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी तो नव्याने विणला. पाचशे वर्षे टिकलेली ही वस्तू वास्तविक दरवर्षी नवी होत असते. गवत एक वर्षच टिकते. टिकून राहिला आहे तो गावकऱ्यांचा नेम.

नदी ओलांडली की चढण सुरू होते. काल जेवढे उतरलो, जवळजवळ तेवढेच आज चढावयाचे असते. वळणामागून वळण येते. आता माथा आला असे वाटावे आणि वर आणखी चढण दिसावी, असे वारंवार घडते. तरुण व धडधाकट माणसे आरंभी भराभर पुढे जातात आणि अर्ध्या वाटेत दम खात बसतात. वाटाड्या मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकाच चालीने चालतो. मंडळीत जो सर्वांत सावकाश चालणारा असेल, त्याच्याकडे त्याचे लक्ष असते. त्याच्या वेगावरूनच तो सर्वांचा वेग ठरवितो. डोंगरात मागे राहिलेल्या माणसास सोडून पुढे जाणे हा मोठा दोष समजतात.

दुपारनंतर मारामपाता हे लहानसे खेडे येते. डोंगराच्या कडेवर वसलेली ही थोडीशी घरे. येथील कुटुंबे शेती करतात आणि वाटसरूंना जेवण व राहुटीपुरती जागा देतात. ताटात मका आणि बटाटा हमखास असतो. बटाटा तर ह्याच पर्वताचे अपत्य होय. हजारो वर्षांपूर्वी अँडीजमधील शेतकऱ्यांनी रानटी कंदांपासून तो प्रथम पिकविला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. तेथून समुद्रमार्गे तो आपल्या देशात आला आणि ‘बटाटा’ हे त्याचे नाव आपण पोर्तुगीज भाषेतून घेतले. मारामपाता येथील शेतकरी आणि आपण एकमेकांस ओळखत नाही. तरी त्याच्या पूर्वजांचे ऋण आपल्या रोजच्या भाजीत आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी चोकेकिरावचे दर्शन घडते. डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३००० मीटर उंचीवर, हिरव्या गवतात दगडी भिंती उभ्या आहेत. मध्यभागी एक विस्तीर्ण चौक आहे. त्याच्या भोवती दुमजली इमारती, धान्याची कोठारे आणि देवकार्याच्या जागा आहेत. दारे व कोनाडे खाली रुंद आणि वर निमुळते आहेत. ही इंकांच्या बांधकामाची खूण होय. वरच्या डोंगरातून दगडी पाटाने पाणी खेळवून आणलेले आहे. एका टेकडीचा माथाच कापून सपाट केलेला आहे. तेथे उभे राहिले म्हणजे चोहोंकडे दरी आणि शिखरे दिसतात. माचू पिक्चू येथील मंदिरांचे दगड तासून एकमेकांत बेमालूम बसविलेले आहेत. चोकेकिराव येथील दगड ठिसूळ थरांचा असल्यामुळे तो तसा तासता येत नाही. म्हणून येथील कारागिरांनी मातीचा लेप वापरून भिंती रचल्या. जे जवळ होते, त्याच्या गुणदोषांस ओळखून त्यांनी काम केले.

नगराच्या पश्चिमेस डोंगरउतार फार तीव्र आहे. त्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते बांधली आहेत. त्यांच्या काळसर बांधांत पांढरे दगड बसवून लामांच्या आकृती काढल्या आहेत. अशा वीसहून अधिक आकृती आहेत. जणू लामांचा एक तांडाच पाठीवर ओझी घेऊन डोंगर चढत आहे! राजांच्या आणि देवांच्या मूर्ती अनेक देशांत आढळतात. येथे ओझे वाहणाऱ्या मुक्या जनावरांस दगडात अमर केलेले आहे. ज्या हातांनी हे दगड बसविले, त्यांनी आपल्या राज्याचा भार कोण वाहतो हे नीट पाहिले होते.

हे नगर ओस कसे पडले? १५३२ साली स्पॅनिश सैनिकांनी इंका सम्राटास कैद केले आणि पुढच्याच वर्षी कुस्को घेतले. १५३६ साली मांको नावाच्या इंका राजाने मोठा उठाव केला. तो निष्फळ झाल्यावर त्याने ह्याच डोंगराळ विल्काबांबा प्रदेशाचा आश्रय घेतला. तेथे इंकांनी १५७२ पर्यंत आपले लहानसे राज्य राखले. त्यानंतर तेही बुडाले आणि चोकेकिरावच्या भिंतींवर रान माजले. तरी हे स्थळ सर्वस्वी विस्मृतीत गेले नव्हते. यूजीन द सार्तीज हा फ्रेंच गृहस्थ १८३४ साली येथे आला होता. १९०९ साली हायरम बिंगहॅम हा अमेरिकन प्राध्यापक आला. दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, तो माचू पिक्चू येथे पोहोचला आणि जगप्रसिद्ध झाला. पूर्वी येऊन गेलेल्यांनी आपली नावे येथे लिहून ठेवलेली त्यास आढळली. ‘सोन्याचा पाळणा’ ह्या नावास भुलून अनेकांनी येथे खजिन्यासाठी खणतीही केली. सोन्याच्या लोभाने आलेल्यांस मोठा खजिना काही मिळाला नाही. पांढऱ्या दगडांचे लामा मात्र त्या वेळी रानाखाली झाकलेले होते. ते एकविसाव्या शतकाच्या आरंभी उजेडात आले. आजही नगराचा सुमारे एक तृतीयांश भागच मोकळा झाला आहे. उरलेला भाग अजून झाडीतच आहे.

चौथ्या दिवशी प्रवासी परतीच्या वाटेस लागलेला असतो. पुन्हा तीच दरी, तीच नदी आणि तीच चढण. ह्या परतीच्या वाटेवर एक प्रश्न त्याच्या मनात घोळू लागतो. ह्या दरीवरून तारेवर सरकणाऱ्या पाळण्यांची, म्हणजे रोपवेची, योजना पेरूमध्ये अनेकदा मांडली गेली आहे. तसे झाले, तर दोन दिवसांचे अंतर काही मिनिटांत तोडता येईल. वृद्ध आणि अपंग माणसांनाही हे नगर पाहता येईल. मारामपाता येथे कोणी अत्यवस्थ झाले, तर त्यास दरी ओलांडूनच न्यावे लागते. त्या रुग्णाची सोय होईल. ह्या गोष्टी क्षुद्र नाहीत. दोन दिवस हौसेने चालून जाणाऱ्या पाहुण्याने, जन्मभर तीच वाट तुडविणाऱ्या माणसास ‘तुला सोय नको’ असे सांगणे शोभत नाही.

पण दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. रोज हजारो माणसे आली, तर मातीच्या लेपाच्या त्या भिंती किती काळ तग धरतील? रानाखाली झाकलेला भाग नीट अभ्यासला जाण्यापूर्वीच तुडविला जाणार नाही काय? पाळण्यातून थेट वर पोहोचणारा प्रवासी मारामपाता येथे कशासाठी थांबेल? खेचरवाल्याचे आणि वाटाड्याचे काय होईल? सोय कोणाची आणि झीज कोणाची, हा हिशेब मांडल्यावाचून ह्या प्रश्नाचा निकाल लावता येणार नाही. तो निकाल लावताना त्या दरीत राहणाऱ्या माणसांचे म्हणणे सर्वांत आधी ऐकले पाहिजे.

निकाल काहीही लागो. जो ही वाट पायी चालून आला, त्याच्यासाठी एक गोष्ट कायमची उलगडलेली असते. चोकेकिरावची प्रत्येक भिंत पाहताना त्याचे दुखरे गुडघे त्यास सांगतात की, हा प्रत्येक दगड कोणीतरी उचलला, धान्याचा प्रत्येक दाणा कोणाच्या तरी पाठीवरून येथे आला. भव्य वास्तू पाहून आपण राजांची नावे विचारतो. त्या उभारणाऱ्या हजारो माणसांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. त्यांची ओळख त्यांच्या वाटेवर चालूनच होते.

शब्दार्थ

जासूद – निरोप पोहोचविणारा दूत
लामा – दक्षिण अमेरिकेतील लांब मानेचे, उंटाच्या कुळातील ओझे वाहणारे जनावर
वाटाड्या – वाट दाखविणारा
खेचर – घोडी व गाढव ह्यांच्यापासून झालेले ओझे वाहणारे जनावर
शिधा – स्वयंपाकाचे कोरडे सामान
कूच करणे – मुक्काम हालवून पुढे निघणे
बेमालूम – जोड दिसणार नाही असे
तग धरणे – टिकून राहणे
अत्यवस्थ – फार आजारी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चोकेकिराव ह्या नावाचा अर्थ काय?
(आ) आपुरिमाक नदीस ‘बोलणारा देव’ का म्हटले असावे?
(इ) केस्वाचाका येथील पूल कशाचा केलेला असतो?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) चोकेकिरावची वाट इतर डोंगरवाटांहून कोणत्या बाबतीत वेगळी आहे?
(आ) वाटाड्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याकडे लक्ष का ठेवतो?
(इ) ‘टिकून राहिला आहे तो गावकऱ्यांचा नेम’ ह्या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
(ई) बांधांतील लामांच्या आकृतींवरून ते घडविणाऱ्यांविषयी लेखकाने कोणते अनुमान काढले आहे?

३. रोपवेची योजना व्हावी की होऊ नये? दोन्ही बाजूंची कारणे लिहून मग आपले मत सात-आठ ओळींत मांडा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
धाप लागणे, डोळ्यांचे पारणे फिटणे, दम खाणे, रान माजणे.

५. ‘जसजसे खाली जावे तसतसा उकाडा वाढतो.’ ह्या वाक्यातील ‘जसजसे – तसतसा’ ह्या जोडीप्रमाणे ‘जितका – तितका’ आणि ‘जेव्हा – तेव्हा’ ह्या जोड्या वापरून प्रत्येकी एक वाक्य तयार करा.

६. उपक्रम : आपल्या गावातील एखादे जुने देऊळ, विहीर, घाट किंवा गड पाहून या. तेथील दगड कोठून व कसे आणले असतील, ह्याविषयी गावातील वडील माणसांस विचारून माहिती लिहा.